लायकमिंगचा सेल्फ बेळगावात खोलला त्याचा अनुभव

काकांच्या विमानाचं इंजिन पावसाळा संपल्यावर सेल्फ (म्हणजे स्टार्टर मोटर) मारला तरी धड फिरेना, ते कसं ठीक केलं हे जरा सविस्तर लिहून ठेवतोय. आपल्याकडं घरी विमान बांधणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यातल्या कुणाला उद्या हाच त्रास झाला तर मराठीत काहीतरी वाचायला असावं. आणि दुसरं म्हणजे ह्यात सेल्फ अर्धाच दोषी निघाला, उरलेला अर्धा दोष भलतीकडंच होता आणि तो जास्त धोक्याचा होता.

थोडी माहिती आधी. काका एअरफोर्समधनं रिटायर झालेत, इंजिनवरच आयुष्य गेलं, भरती झाल्यावरचं पहिलं ट्रेनिंग इथंच सांबऱ्याला. २०१७ साली अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेल्या विमानाची डीजीसीएकडं (विमानांना परवानगी देणारं सरकारी खातं) नोंदणी झाली ती बातमी काकांनी कापून ठेवलेली आहे, तेव्हापासनं त्यांच्या डोक्यात हे घुमत होतं. मच्छेच्या बाजूला आमची जागा आहे तिथं पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान उभं राहिलंय, लाकडी सांगाडा आणि वर कापड. इंजिन लायकमिंग ओ-२३५, एका फ्लाइंग क्लबच्या मोडीत निघालेल्या सेस्ना १५२ मधलं. चार सिलिंडर, हवेनं थंड होणारं, २५५० आरपीएमला ११० हॉर्सपॉवर. सेस्ना १५२ हे १९७७ ते १९८५ पर्यंत बनलेलं विमान, म्हणजे इंजिनचं वय काय ते समजून घ्या. उडवायचा विषय डीजीसीएच्या कागदांवर आहे, तो आत्ता नाही. आत्ता फक्त जमिनीवर इंजिन चालवणं, चाकांना ठोकळे लावून आणि शेपूट जमिनीत गाडलेल्या खांबाला बांधून.

एक गोष्ट इथंच सांगतो कारण पुढं ती कामाला आली. सेस्ना १५२ ची इलेक्ट्रिक सिस्टिम २४ व्होल्टची असते, त्यामुळं इंजिनबरोबर आलेला सेल्फ पण २४ चा, म्हणून काकांनी विमानाचं सगळं वायरिंगच २४ व्होल्टचं केलं, १२ च्या दोन लहान बॅटऱ्या सिरीजमध्ये सीटच्या मागं. आणि २४ व्होल्टचा सेल्फ म्हटलं की बेळगावात त्याची उणीव नाही. पुणे-बेंगळूर हायवे गावाला लागून जातो, ट्रकच्या सेल्फवर हयात घालवलेली माणसं इथं आहेत. कारवाल्या इलेक्ट्रिशियनपेक्षा ट्रकवाला ह्या कामाला जवळचा, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आता तर पक्कं झालंय.

तर झालं असं की पावसाळाभर इंजिन बंद होतं. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहिती आहे, जूनपासनं भिंतीला ओल धरते ती दसऱ्यापर्यंत उतरत नाही, आणि खानापूरच्या बाजूला जाल तसं आणखी जास्त. उघडीप पडल्यावर काकांनी तेल बदललं, बॅटऱ्या फुल्ल चार्ज केल्या आणि सेल्फ मारला तर प्रोपेलर एक पातं पुढं आला आणि कॉम्प्रेशनवर अडकला. परत मारला, परत तेच. तिसऱ्यांदा थोडा रडत रडत फिरला पण इंजिन काही पकडेना. आणि काकांनी तिथंच थांबवलं, कारण त्यांना वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा बारीक वास. मी म्हटलं सेल्फ तापला असेल, तर ते म्हणाले, "सेल्फचा वास वेगळा असतोय, हा तो नव्हे." मग त्यांनी पॅनलवरच्या थ्रॉटलच्या नॉबमागं हात घातला आणि मला म्हणाले, "इथं हात लाव बघू." थ्रॉटलच्या केबलचं बाहेरचं आवरण चांगलं कोमट होतं. आता थ्रॉटलची केबल म्हणजे स्कूटरच्या ॲक्सिलरेटर केबलसारखीच वस्तू, त्यात करंटचा काय संबंध? ती गरम व्हायचं कारणच नाही.

इथं पुढचं सांगायच्या आधी प्रोपेलरबद्दल लिहितो आणि हे कुणी गाळून वाचू नये. विमानाच्या इंजिनला प्लगांना ठिणगी देणारे मॅग्नेटो असतात, दोन, आणि त्यांना बॅटरी लागत नाही. बॅटरीची वायर काढून ठेवली म्हणून इंजिन मेलं असं धरायचं नाही. चावी ऑफ केल्यावर मॅग्नेटो बंद होतो तो एका बारीक वायरमधनं त्याची प्रायमरी कॉइल अर्थ होते म्हणून, ती वायर कुठं तुटली असली तर चावी ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंत. प्रोपेलर हातानं नुसता ढकलला तरी ठिणगी पडू शकते आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ असली तर पातं फिरून येतं. म्हणून सेल्फला हात लावायच्या आधी काकांनी आठही प्लगांच्या वायरी काढायला लावल्या (एका सिलिंडरला दोन प्लग असतात) आणि वरचे चार प्लग बाहेर काढले. त्यात दुसराही फायदा असा की कॉम्प्रेशन जातं, प्रोपेलर हलका फिरतो आणि इंजिन सुरू न होता सेल्फ मारून मापं घेता येतात. ट्रकचा सेल्फ काढणाऱ्याला ही सवय नसते, त्याच्या इंजिनला पुढं पंखा असतो पण माणूस कापणारं पातं नसतं. त्यामुळं जो कोणी मदतीला येईल त्याला हे आधी सांगायचं, मग चहा.

मापं घेतली ती साध्या डिजिटल मीटरनं. बॅटरी नुसती असताना २५ च्या वर, म्हणजे ठीक. प्लग परत बसवून, वायरी मात्र लांब बांधून ठेवून, म्हणजे कॉम्प्रेशन आहे पण ठिणगी नाही अशा अवस्थेत सेल्फ मारला तर बॅटरीवर २१ आणि सेल्फच्या टोकावर, म्हणजे त्याच्या टर्मिनलपासनं त्याच्या बॉडीपर्यंत, जेमतेम १६. मधले पाच व्होल्ट कुठं गेले? ते शोधायचं तर एकेक तुकडा मोजायचा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर, सेल्फ मारला, अर्धा व्होल्ट. म्हणजे प्लसची केबल, कॉन्टॅक्टर (चावी फिरवल्यावर सेल्फचा करंट जोडणारा मोठा स्विच), थिंबल (केबलच्या टोकाची कडी) सगळं चालण्यासारखं. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या ॲल्युमिनियमवर, सेल्फ मारला, चारच्या वर! खरं तर इथं अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे.

लोखंडी गाडीत सगळी बॉडीच मायनस असते. लाकडी विमानात बॉडी काय कामाची, लाकडातनं करंट जात नाही, म्हणून मायनसची वेगळी जाड केबल बॅटरीपासनं फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पडद्याच्या, बोल्टपर्यंत आणलेली असते. तिथनं पुढं इंजिन, पण इंजिन बसलेलं असतं रबराच्या बुशांवर, थरथर कमी व्हावी म्हणून, म्हणजे तिथं परत तुटलं. ते जोडायला फायरवॉल ते इंजिन अशी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते. आमची पट्टी वरनं छान दिसत होती, टोकाला काळी स्लीव्ह, बोल्ट टाइट. स्लीव्ह ब्लेडनं चिरली तर आत थिंबलच्या तोंडाशी हिरवी पूड, तारा मोडलेल्या, नखानं ओढल्यावर चार-पाच बोटाला चिकटून आल्या. पावसाळाभर ओल आत बसली आणि काम तमाम.

आणि करंटला रस्ता तर लागतोच. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो, मूळ रस्ता बंद झाल्यावर तो इंजिनपासनं कार्बोरेटर, कार्बोरेटरपासनं थ्रॉटलची केबल, तिथनं पॅनल आणि पॅनलच्या मायनसवरनं बॅटरी असा गेला. म्हणून केबल गरम, म्हणून तो वास. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सेल्फ हळू फिरतोय म्हणून लोक सेल्फ काढून दुकानात नेतात, नवीन टाकतात, नवीन सेल्फ ताकदीनं फिरतोही, पण करंट तसाच थ्रॉटलच्या केबलमधनं जात राहतो आणि एक दिवस आतली तार आवरणाला चिकटते. जमिनीवर चिकटली तर ठीक, हवेत थ्रॉटल अडकला तर काय करणार?

आमची केबल काढून बघितली, सरकत होती नीट, पण आतलं नायलॉनचं अस्तर एका ठिकाणी सुरकुतलेलं. काकांनी ती तिथंच कापून दोन तुकडे केले, म्हणजे चुकून परत कुणी बसवायला नको. मिक्स्चरची, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण बदलणारी, केबल पण बदलली.

नवीन पट्टी इथंच केली. उद्यमबागेत पॅनलबोर्ड करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडं हायड्रॉलिक क्रिम्पर आहे, त्याच्याकडं ३५ स्क्वेअर एमएमची कलई केलेली विणलेली पट्टी आणि कलईचेच थिंबल घेऊन दाबून घेतले. डाग देऊ का म्हणून त्यानं विचारलं, काका नको म्हणाले. डाग तारांमध्ये वर चढतो, जिथं चढायचा थांबतो तिथं तार कडक होते आणि थरथरीनं नेमकी तिथं मोडते. इंजिनच्या बाजूला रंग खरवडून उघडं ॲल्युमिनियम केलं, पट्टीला थोडी ढील ठेवली कारण इंजिन सुरू होताना आणि बंद होताना चांगलंच हलतं. परत मोजलं, मायनसच्या बाजूला पाव व्होल्टसुद्धा नाही.

आता सेल्फ मारल्यावर प्रोपेलर पहिल्या वेळी बरा फिरला. मला वाटलं झालं काम. पण थोडं थांबून परत मारला तर ढिला, आणि सेल्फची बॉडी हात ठेववेना इतकी तापलेली, एवढ्या थोड्या वेळात. शिवाय फिरताना आतनं खर्रर्र असा आवाज. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही आणि मध्ये थंड होऊ द्यायचा हा नियम आम्ही पाळतोच, तरी तापत होता म्हणजे आत काहीतरी घासत होतं. आता मात्र काढायलाच पाहिजे होता.

लायकमिंगला सेल्फ पुढं खाली डाव्या बाजूला असतो, पायलटच्या डाव्या, आणि अल्टरनेटर उजव्या. प्रोपेलरच्या मागं मोठी दात्यांची रिंग असते तिच्यात सेल्फचं पिनियन (लहान दात्यांचं चाक) अडकतं. खालचं काउलिंग (इंजिनवरचं झाकण) काढलं, बॅटरीचा मायनस काढला, मोठी केबल काढली. सेल्फ धरणारे चार बोल्ट-नट, त्यातले तीन सोपे आणि चौथा सेल्फ आणि क्रँककेसच्या फटीत, सरळ पाना तिथं जातच नाही. शेवटी एक जुना रिंग पाना गॅसवर तापवून वाकवला, बाहेरनं थोडा घासून पातळ केला, तेव्हा कुठं एका वेळेला एक दाता असा तो नट सुटला. तो पाना आता लाल रंग मारून शेडमध्ये वेगळा टांगलाय.

सेल्फ घेऊन आम्ही ट्रकचे सेल्फ दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं गेलो. हायवेच्या बाजूला त्यांचं दुकान, वडिलांपासनचं, कानडी मराठी उर्दू तिन्ही एका वाक्यात बोलतात. त्यांनी सेल्फ हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "ह्याच्या डोक्यावरचा सोलेनॉइड कुठाय?" ट्रकच्या सेल्फला वर सोलेनॉइड असतो, तो पिनियन पुढं ढकलतो आणि मग मोटर फिरते. ह्या जुन्या पद्धतीत तसं नाही. कॉन्टॅक्टर लांब फायरवॉलवर, आणि पिनियन शाफ्टच्या मळसूत्रावर बसलेलं, मोटर झटक्यात फिरली की पिनियन स्वतःच्या जडपणामुळं मागं राहतं आणि म्हणून मळसूत्रावरनं पुढं सरकून रिंगमध्ये अडकतं. इंजिन सुरू होऊन रिंग जोरात फिरली की तेच पिनियन उलट फेकलं जातं. चाचांनी ते दोनदा हातानं फिरवून बघितलं आणि म्हणाले, "खरा बेंडिक्स हाच बगा, आमी आता सगळ्यालाच बेंडिक्स म्हनालोय."

हा बेंडिक्स, म्हणजे मळसूत्रावरचं पिनियन, जाम झाला होता. आधीच्या मालकाकडं कुणीतरी त्याला ग्रीस लावलेलं, त्यावर वर्षानुवर्षं धूळ बसून घट्ट खळ झालेली. चाचा धुऊन परत ग्रीस लावायला निघाले, काकांनी हात धरला. ह्या बेंडिक्सला ग्रीस नाही, तेल नाही, धुवायचं, कोरडं करायचं आणि सिलिकॉनचा हलका स्प्रे. प्रोपेलरच्या मागं तो उघड्यावर असतो, आमच्या इथली लाल माती चिकट कशालाही धरून बसते. चाचांनी ऐकलं. आणि पुढं जिथं चाचांचं ज्ञान जास्त तिथं काका गप्प बसून बघत होते, हे बघताना मला फार बरं वाटलं. दोघंही आपापल्या कामात मुरलेले, पण एकमेकांची हद्द ओळखून होते.

मोटर उघडल्यावर चाचांनी आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा भाग) उजेडात धरलं आणि एका बाजूला चकाकणारा पट्टा दाखवला, नवीन नाण्यासारखा. आर्मेचर आत पोल शूला, म्हणजे बॉडीत पक्क्या बसवलेल्या लोखंडाला, घासत होतं. कारण मागचा बुश, लांबट झालेला, शाफ्ट त्यात बोटानं हलत होता. कार्बन (ब्रश) अर्ध्याच्या खाली आलेले आणि कम्युटेटर, म्हणजे ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळा, मधे खोलगट. ग्रोलरवर (आर्मेचर तपासायचं यंत्र) आर्मेचर ठेवून वरनं हॅकसॉचं पातं फिरवलं, कुठं थरथरलं नाही, म्हणजे कॉइलला शॉर्ट नाही. टेस्ट बल्ब लावून फील्ड कॉइल बॉडीला लागलीय का बघितलं, नव्हती. म्हणजे वाइंडिंग सगळं चांगलं, फक्त झीज.

कम्युटेटर लेथवर अगदी बारीक कट घेऊन साफ केला, मग तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका चाचांनी घासून धारदार केलेल्या हॅकसॉच्या तुकड्यानं एकेक खाच करून खाली घेतला. हे काम बघण्यासारखं होतं, प्रत्येक खाच एकाच खोलीची, आणि चष्मा पण नाही. मायका तांब्याच्या वर राहिला तर कार्बन उडतो, ठिणग्या पडतात आणि कम्युटेटर परत काळा. बुश उद्यमबागेतल्या एका टर्नरनं शाफ्टचं माप घेऊन फॉस्फर ब्राँझमध्ये करून दिला.

कार्बनवरनं मात्र थोडं झालं. चाचांकडं ट्रकचे कार्बन होते, थोडे मोठे, घासून बसवतो म्हणाले, चार पिढ्या चालतील. काका नको म्हणाले. कार्बन-कार्बनमध्ये फरक असतो, तांब्याचं प्रमाण, कडकपणा, स्प्रिंगचा दाब, नुसतं माप जुळवून चालत नाही. मलाही काकांचं पटलं. बुश हा आपण मापानं करू शकतो, त्यात काय धातू आहे आपल्याला माहीत असतं. कार्बनमध्ये काय आहे हे दिसत नाही, मग जे दिसत नाही ते मूळ पार्टचंच घ्यावं. ते बाहेरनं मागवले, यायला वेळ लागला, लागू दे.

थांबलेल्या काळात नवीन हलका सेल्फ घ्यावा का यावर बरंच बोलणं झालं. नवे सेल्फ आत गिअर असलेले, साधारण निम्म्या वजनाचे आणि ताकद जास्त. पण घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. लायकमिंगची रिंग दोन प्रकारची, १२२ दात्यांची आणि १४९ दात्यांची, सेल्फ त्याप्रमाणंच घ्यायचा, नाहीतर दाते खाऊन टाकतो. खडूनं खूण करून आमचे मोजले, १४९. आणि दुसरी, नाकावरचं तीन-चार किलो वजन कमी झालं की विमानाचा गुरुत्वमध्य मागं सरकतो, म्हणजे परत वजनकाट्यावर चढवून सगळा हिशेब नव्यानं. डॉलरमधली किंमत आणि कस्टम वेगळंच. जुन्याचं वाइंडिंग शाबूत असताना काकांना ते नको होतं. माझं मत विचाराल तर आर्मेचर जळलं असतं तर मी नवाच घ्या म्हटलं असतं, जुनं आर्मेचर रिवाइंड करून प्रोपेलरमागं लावायला माझं मन धजत नाही.

कार्बन आले, चाचांनी कम्युटेटरवर पॉलिश पेपर उलटा गुंडाळून त्यांना गोलाई दिली, जोडलं, दुकानातच ट्रकच्या बॅटऱ्यांवर फिरवून बघितलं. खर्रर्र गेली होती, नुसता सूं असा आवाज. पैसे घ्यायला तयार नव्हते, काकांनी दिलेच. प्रोपेलर फिरताना बघायला मात्र येणार म्हणाले.

बसवताना लॉक वॉशर सगळे नवे, टॉर्क रेंच चौथ्या नटावर जात नाही तिथं काकांचा हात. एक गोष्ट जास्तीची केली, पॅनलवर एक लाल दिवा, कॉन्टॅक्टरच्या सेल्फकडच्या टोकावरनं फ्यूज घालून. चावी सोडल्यावरही दिवा जळत असला तर कॉन्टॅक्टर आतनं चिकटला, म्हणजे सेल्फ चालूच आहे, लगेच मास्टर (बॅटरीचा मुख्य स्विच) ऑफ करून इंजिन बंद. कॉन्टॅक्टर पण सेल्फसाठीचाच असावा, थोडा वेळ जास्त करंट सोसणारा, सतत चालू राहणारा मास्टरचा तिथं लावायचा नाही, दोन्ही दिसायला सारखेच असतात.

प्लग लावायच्या आधी प्रोपेलर हातानं हळू फिरवून मॅग्नेटोच्या इम्पल्स कपलिंगची टकटक ऐकली. ते कपलिंग सुरू होताना ठिणगी उशिरा पाडतं. ते बिघडलं तर ठिणगी वीसेक अंश आधी पडते, इंजिन उलटा झटका मारतं आणि सेल्फचं नाक तुटतं, मग इतकी मेहनत करून उपयोग काय. टकटक स्पष्ट होती.

मग चाचा आले, मुलाला घेऊन. त्यांना पातं फिरतं त्या रेषेच्या बाहेर, पंखाच्या मागं उभं केलं. काकांनी "प्रोपेलर क्लिअर" म्हणून ओरडून सेल्फ मारला, तीन पाती गेली आणि इंजिन पकडलं. लाल दिवा विझला, ऑइल प्रेशर वर आलं. चाचा काहीतरी बोलत होते, आवाजात कळलं नाही. इंजिन गरम झाल्यावर बंद केलं आणि लगेच परत मारून बघितलं, कारण खरी परीक्षा गरम इंजिनावरची. तेव्हाही तसंच. सेल्फला हात लावला, कोमट. थ्रॉटलच्या नव्या केबलला लावला, थंड.

लॉगबुकात काकांनी सगळं लिहिलं, बुशचा धातू आणि माप, पट्टीची जाडी, आधीचे आणि नंतरचे व्होल्ट. आणि पुढच्या तपासण्यांच्या यादीत दरवर्षी पावसाळ्यानंतर अर्थची पट्टी स्लीव्हशिवाय उघडी बघायची आणि मायनसच्या बाजूचा व्होल्टेज ड्रॉप मोजायचा असं घातलंय. नव्या पट्टीला म्हणूनच स्लीव्ह घातलेली नाही.